आषाढाच्या वाऱ्यातली फळी

आधी मावशींचं सांगतो, मग फळीचं. मावशी म्हणजे म्हैसूरजवळ कडकोळला आमच्या कारखान्यात रंगाचं काम बघणाऱ्या बाई. बाकी सगळे त्यांना अक्का म्हणतात. मी एकटा मावशी म्हणतो, कारण तिथं माझ्याशी मराठीत बोलणाऱ्या त्या एकट्याच. त्यांचं घराणं पिढ्यानपिढ्या म्हैसुरातलं, पूर्वी कापड रंगवणाऱ्यांचं, पण घरात बोलणं अजून मराठीच. मराठीत बोलता बोलता त्या कन्नडमध्ये शिरतात आणि परत येतात, त्यांना पत्ताही नसतो. त्यांच्या मराठीला मी हसतो, माझ्या मालवणीला त्या हसतात. आज मी या गावात टिकून आहे तो त्यांच्यामुळे, हे आधीच लिहून ठेवलेलं बरं.

मी नववीत शाळा सोडली. आमचं घर वेंगुर्ल्याच्या बाजूला, दारातून समुद्र दिसतो. तिथं एकानं पाहुण्यांना काईटबोर्डिंग शिकवायला सुरुवात केली आणि मी त्याच्याकडे दोऱ्या उलगडायला लागलो. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो: भलामोठा पतंग कमरेच्या पट्ट्याला अडकवायचा, पाय फळीवर रोवायचे, आणि वारा ओढेल तसं पाण्यावरून घसरत जायचं. ऐकायला सोपं वाटतं. शिकताना मी पोटभर खारं पाणी प्यालो. पुढे फुटलेल्या फळ्या फायबर लावून सांधायला लागलो, आणि त्या हातकामाच्या ओळखीनंच म्हैसूरला आलो. इथले मालक यंत्रांची फायबरची झाकणं बनवायचे. त्यांच्या मनात आलं, फळ्या बनवून पाहू. त्यांनी मला सरळ सांगितलं होतं की फळ्या चालल्या तर तू आहेस, नाही चालल्या तर झाकणांच्या कामाला त्यांच्याकडे माणसं पुरेशी आहेत.

मी मुळातच घाबरट. खोलीचं कुलूप लावून दोनदा परत येऊन ओढून बघणारा. त्यात हे ऐकल्यावर झोप उडाली. गावी परत गेलो तर काही उपाशी मरणार नव्हतो. पण आई सगळ्यांना सांगून बसली होती की पोरगा मोठ्या कारखान्यात लागला. ते तिचं बोलणं खोटं पडू नये, एवढंच डोक्यात होतं.

पहिली फळी मी जीव ओतून केली. आत लाकडाची पातळ पट्टी, वर-खाली फायबर, कडेला कडक धार. मावशींनी तिला पिकल्या संत्र्याचा रंग दिला. मालकांच्या ओळखीतल्या एका मोठ्या तळ्यावर परवानगी काढून आम्ही ती सकाळी पाण्यात घातली. तळं तव्यासारखं सपाट, वारा मंद आणि सरळ. एवढ्या हलक्या वाऱ्यातही फळी पटकन पाण्यावर चढली आणि लोण्यावरून सुरी फिरावी तशी गेली. मालक काठावरून टाळ्या वाजवत होते. त्याच दिवशी त्यांनी तमिळनाडूच्या किनाऱ्यावर काईटची शाळा चालवणाऱ्या एका मॅडमना फोन केला आणि सांगून टाकलं की फळी तयार आहे, कुठल्याही वाऱ्यात चालते.

 तेव्हा मलाही तसंच वाटत होतं.

मग आषाढ लागला. म्हैसुरात आषाढाचा वारा म्हणजे काय, हे मला माहीत नव्हतं. पोरं मैदानात कागदी पतंग उडवायला लागतात, दुकानांच्या पाट्या खडखडतात, स्कूटर आडवी होते. मावशी म्हणाल्या, ही आषाढाची गाळी, गाळी म्हणजे वारा, आता महिनाभर केस विंचरायचं नाव नको. एका रविवारी मी फळी घेऊन दुपारी एकटाच तळ्यावर गेलो, काठावर मालकांचा ड्रायव्हर तेवढा होता. आणि तिथं फळीचं खरं रूप दिसलं. आमच्याकडे वारा समुद्रावरून येतो, सलग, एका ओढीचा. इथला वारा टेकड्या आणि झाडं ओलांडून येतो, तो तुकड्यातुकड्यांनी येतो. आत्ता काही नाही, आणि पुढच्या क्षणी खांदे उपटून नेईल असा झटका. तळ्यावर बुटक्या, एकमेकींना लागून लाटा उठल्या होत्या. माझी रुंद, सपाट, कडक फळी प्रत्येक लाटेवर थापट्या खात होती. झटका आला की सगळी पाण्याबाहेर निसटायची, धार पाण्यात रुतायचीच नाही. घोट्यांपासून कमरेपर्यंत सगळं हादरत होतं. गोडं पाणी समुद्राइतकं उचलूनही धरत नाही, पण तो दोष पाण्याला देण्याइतका मोठा नव्हता. दोष माझा होता. मी म्हैसुरात बसून वेंगुर्ल्याच्या हिवाळ्यातल्या वाऱ्याची फळी केली होती. मोजमाप कुठून घेतलं, तर पायांच्या आठवणीतून.

मालकांना सांगायला दोनदा त्यांच्या केबिनपर्यंत गेलो. दोन्ही वेळा पाणी पिऊन परत आलो.

मॅडम आल्या त्या दिवशी मालकांनी मुद्दाम सगळ्यांना पहाटे टेम्पोत बसवलं. मावशीही होत्या, रंग पाण्यात सुटतो का बघायला. सकाळचं तळं पुन्हा तसंच सपाट. मी फळी चालवली, मग मॅडमनी स्वतः चालवली आणि हसतच बाहेर आल्या. त्यांनी हिंदीत विचारलं की आमच्याकडे उन्हाळ्यापासून पुढे जोराचा वारा असतो, शिकणारे नवखे असतात, तेव्हा ही कशी वागेल. मालक म्हणाले, एकदम फर्स्टक्लास. मग सगळे डबे उघडून बसले. मॅडमना जेवून लगेच निघायचं होतं.

मावशींनी चित्रान्न आणलं होतं, आपल्या फोडणीच्या भातासारखं, लिंबाचं. माझा घास हातातच होता.

"खा की कणो," मावशी म्हणाल्या. "सुम्ने, उगाच बघत बसलायस. भातात खडे दिसतायत का?"

मी त्यांना हळूच सगळं सांगितलं. दुपारचं तळं, झटके, थापट्या. म्हटलं, आता बोललो तर मालक मला आजच बस स्टँडवर सोडतील. आणि नाही बोललो तर तिकडे कुणी नवखं पोर या फळीवरून जोराच्या वाऱ्यात जाईल, आणि फळी निसटली की ते कुठं आपटेल सांगता येत नाही.

त्यांनी आधी माझ्या ताटात लोणचं वाढलं.

"आमच्या घरी ओल्या कापडाला रंगाचं नाव द्यायचे नाहीत," त्या म्हणाल्या. "ओलं असतं तेव्हा सगळंच गडद दिसतं, अल्वा? उन्हात वाळलं, एकदा धुतलं, की मग सांगायचे काय रंग आला ते. गिऱ्हाईक दारात उभं असलं तरी आजोबा म्हणायचे, नाळे बन्नी, उद्या या. तुमची ही फळी अजून ओली हाय. तुम्ही नाव देऊन बसला."

मी म्हटलं, पण मालक.

"मालकांना मी बघते. तू त्या बाईंना बघ."

आणि त्या खरंच उठल्या, मालकांजवळ जाऊन बसल्या आणि रंगाचं काहीतरी कन्नडमध्ये सुरू केलं. मला आजही माहीत नाही त्या काय बोलल्या. मी मॅडमसमोर जाऊन उभा राहिलो. मोडक्या हिंदीत म्हणालो, "मॅडम, दुपारपर्यंत थांबा. ही फळी तेव्हा वाईट चालेल. ती बघून मग ठरवा."

त्यांनी मालकांकडे पाहिलं. मालकांनी माझ्याकडे. मावशींनी फळीकडे.

मॅडम थांबल्या. वारा आला, लाटा आल्या. मी तीन फेऱ्या मारल्या आणि तिसऱ्या फेरीत फळी पायाखालून गेली ती गेलीच, मी तोंडावर पडलो. मॅडमनी एक फेरी मारली आणि लगेच परतल्या. मी त्यांना जमेल तसं समजावलं. मंद वाऱ्याला आणि सपाट पाण्याला रुंद, सरळ फळी, ती लवकर चढते. जोराच्या वाऱ्याला आणि लाटांना थोडी अरुंद, दोन्ही टोकांना जास्त वाकवलेली, मधे जराशी लवणारी. म्हणजे ती लाट गिळते, थापट्या खात नाही, आणि धार रुतून राहते. दोन्ही कामं एका फळीला सांगितली तर ती दोन्हीकडे रडते.

परतताना मालक टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसले. मग ड्रायव्हरला म्हणाले, आपला माल वाईट आहे हे दाखवायला गिऱ्हाइकाला जेवणानंतर थांबवून घेणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. ड्रायव्हर हसला. मी हसू की नको ते ठरवेपर्यंत कारखाना आला.

पुढचे काही दिवस मी पिशवी भरून ठेवली होती. मावशी रोज विचारायच्या, अजून इथंच का रे. मग मॅडमचा फोन आला. रुंद फळ्या थोड्या हव्या, हिवाळ्याच्या मंद वाऱ्यासाठी. आणि दुसरी, वाकवलेली, आधी एक करून पाठवा, आमच्या पाण्यात बघू. मालकांनी मला बोलावलं नाही, काही सांगितलं नाही. सकाळी माझ्या मेजावर लाकडाची नवी पट्टी ठेवलेली होती, बस. मी पिशवीतले कपडे परत दांडीवर टाकले आणि आईला फोन करून उगाचच जेवलीस का विचारलं.

वाकवलेली फळी आषाढ संपायच्या आत तयार झाली. झटक्यांच्या वाऱ्यात ती लाटांवरून डुलत जाते, पाय शांत राहतात. मंद वाऱ्यात मात्र बुडते, आणि आता हे मी विचारणाऱ्याला आधी सांगतो. 

मावशींनी समुद्र पाहिलेला नाही. म्हैसूरच्या बाहेर त्या फार तर नंजनगूडला जातात. परवा त्यांनी सहज विचारलं, खाऱ्या पाण्यात माझा संत्री रंग कसा दिसतो रे, हिरवट तर नाही ना मारत. तो खाऱ्या पाण्यात मीही पाहिला नव्हता. तेव्हा ठरवलं. आज माझ्या हातात तेवढं नाही, पण एक दिवस मावशींना आमच्या गावी नेईन. आईच्या हातची सोलकढी पाजीन, वाळूत खुर्ची मांडून बसवीन, आणि त्यांनी रंगवलेली फळी त्यांच्यासमोर पाण्यात घालीन. सकाळच्या वाऱ्यात आणि दुपारच्याही. मग रंगाला काय नाव द्यायचं ते त्या ठरवतील, आणि मी थांबेन.