जिथं कुत्रं निवांत झोपतं

चैत्र शुद्ध पंचमी, सोमवार. ठिकाण: माजलगाव, मारुतीचा फोटो स्टुडिओ. हजर: मारुतीची बायको सुमनवहिनी, त्याचे थोरले बंधू, आमच्या जीपचे ड्रायव्हर अजीमभाई आणि मी. विषय: लग्नसराईसाठी मारुतीने घेऊन ठेवलेल्या ऑर्डरींचं काय करायचं. एवढं मी नेहमीसारखं आधी लिहून घेतलं. हजर असलेल्यांत हाताच्या सवयीने मारुतीचंही नाव लिहिलं, आणि मग खोडलं.

बातमी अजीमभाईंनीच दिली होती. सकाळी दुकान उघडून मी काउंटर पुसत होतो. फोनवर ते म्हणाले, "भाई, खडे हो क्या? पहले बैठ जाओ." मी बसलो नाही. मारुती रोज सकाळी धरणाच्या भिंतीवर फिरायला जायचा, तिथंच छातीत कळ येऊन तो गेला होता... माजलगावला पोचलो तेव्हा हारामागे जो फोटो ठेवला होता, तो मी काढलेला होता. चांगला आला होता. कोणी काढला, हे कोणी विचारलं नाही. अशा वेळी हे मनात यावं याचं मला नवल वाटलं नाही. मारुतीच्या बाबतीत माझ्या मनात आधी तेच यायचं.

अंबाजोगाईला कॉलेजात आम्ही एका बाकावर होतो. त्याचं घर लिंबागणेशकडचं, मेंढरं राखणारं. माझ्या वडिलांचं किराणा दुकान. पहिला कॅमेरा आम्ही दोघांत मिळून घेतला आणि एक दिवसाआड वाटून वापरला. पुढे त्याने माजलगावला स्टुडिओ टाकला, मी अंबाजोगाईला. लग्नाआधीच्या फोटोंचं वेड आपल्या भागात आलं तेव्हा जोडप्यांना पुणंच पाहिजे असायचं. डिझेल परवडावं म्हणून आम्ही एका जीपमध्ये दोन जोडपी न्यायचो, एक त्याचं, एक माझं. प्रत्येक नवरीबरोबर एक मावशी नाही तर आत्या असायची, कारण तिच्याशिवाय घरचे सोडत नसत. मावशी कपड्यांची बॅग मांडीवर घेऊन बसायची आणि नवरानवरीत अंतर किती राहिलं यावर नजर ठेवायची.

माझी तयारी पक्की असायची. बाग कुठली, घाट कुठला, परवानगी कोण देतं, ऊन किती वाजता उतरतं, गाडी कुठं लावायची, सगळं कागदावर. अडचण एकच, की हाच कागद सगळ्या महाराष्ट्रातल्या फोटोवाल्यांकडे असावा. त्या बागेतल्या त्या कमानीपुढे चार जोडपी आधीच उभी असत, तेच फुगे आणि तोच रंगीत धूर घेऊन. मी जोडप्याला घेऊन रांगेत, आणि मारुती रबरी चपला ओढत मागून यायचा. "काय बे, फोटो काढायला आलास का रेशन आनायला?" एवढं बोलून तो आपलं जोडपं घेऊन एखाद्या बोळात शिरायचा आणि तासाभराने परत यायचा तो असे फोटो घेऊन, की ते पुणं आहे यावर पुणेकरांचाही विश्वास बसू नये. बंद पडलेल्या पिठाच्या गिरणीचा हिरवा दरवाजा. रंगाऱ्यांनी हात पुसून पुसून रंगीत केलेली भिंत. गादीवाल्याच्या दुकानामागे कापूस उडत असलेलं अंगण. मी त्याला विचारलं, की हे तुला सापडतं कसं.

"त्यात काय हाय? भरदुपारी कुत्रं कुठं निवांत झोपलंय ते बघायचं. तिथं ऊन तोंडावर येत न्हाई, गाड्या येत न्हाईत, अन् कुनी हाकलत न्हाई. आमचा बाप मेंढरं बसवायला असंच बघायचा."

एका मावशीने हे ऐकलं आणि ती जीपमधून उतरेचना. "कुत्र्याच्या जाग्यावर आमची पोर उभी करता व्हय?"

"मावशी, इचारलंय मी त्याला. ते म्हनलं, तास-दीड तास घ्या, मग मला लागंल."

मावशी हसली, उतरली, आणि त्या गिरणीच्या दारात तिनेही स्वतःचा एक फोटो काढून घेतला. माझ्याबरोबर आलेल्या मावश्या कधी हसल्याचं मला आठवत नाही. त्याची युक्ती मीही करून पाहिली. मला सापडलेलं कुत्रं निवांत झोपलेलं होतं, ऊनही मऊ होतं. पण ते कचराकुंडीच्या आडोशाला होतं, आणि त्या मुलीच्या प्रत्येक फोटोत पदर नाकावर आहे.

मग त्याने तो जिन्याचा फोटो काढला. एका जुन्या इमारतीचा लोखंडी गोल जिना, वर भोकं पडलेला पत्रा, त्यातून पायऱ्यांवर रुपयांसारखं सांडलेलं ऊन, मधे ते जोडपं आणि सगळ्यांत खालच्या पायरीवर झोपलेलं एक तांबडं कुत्रं. तो फोटो मोबाइलवरून अख्ख्या जिल्ह्यात फिरला. माझ्या दुकानात येऊन लोक म्हणायचे, या जागेवर नेता का? माझ्या बायकोनेही तो मोबाइलवर लावला. म्हणाली, "असा एक तरी काढा की." मी मारुतीला जागा विचारली. तो म्हणाला, "सापडंल की. लई लांब न्हाई." त्यानंतर पुण्याच्या प्रत्येक फेरीत जोडप्यांना चहाला बसवून मी दोन-तीन गल्ल्या पायाखाली घालायचो आणि घरी येऊन त्यांच्यावर टिक करायचो. मला एवढंच हवं होतं, की एकदा, एकदाच, त्या जिन्यावर उभं राहून त्याला फोन करावा आणि म्हणावं, मारुती, ओळख मी कुठं उभा आहे... आता फोन उचलणारा राहिला नाही.

तर त्या सोमवारी आम्ही ऑर्डरी वाटून टाकल्या. एक उरली. अंबाजोगाईला दवाखान्यात नर्स असलेली एक मुलगी आणि माजलगावचा मुलगा. त्यांना फोटो त्या जिन्यावरच हवे होते. बंधू म्हणाले, नाही म्हणून कळवून टाकू. वहिनी म्हणाल्या, "त्यांनी शबूद दिलाय, भाऊजी. तुमी करा."

"वहिनी, ती जागा त्याच्याबरोबर गेली. मला माहीत नाही."

अजीमभाईंनी बशी खाली ठेवली. "वो जिना? वो तो अपनी गाडी के पीछे है, भाई."

आम्ही जीप दर वेळी एकाच ठिकाणी लावायचो, एका पेठेत, भिंतीला अगदी चिकटून, आणि त्या भिंतीतलं जिन्याकडचं दार गाडीमागेच झाकलं जायचं. ती जागा सुरक्षित म्हणून मीच ठरवून दिली होती. त्या दिवशी मी बागेच्या रांगेत असताना मारुतीने अजीमभाईंना झोपेतून उठवलं, गाडी चार हात पुढे घ्यायला लावली, फोटो काढला आणि गाडी पुन्हा होती तिथं लावायला सांगितली.

"मला सांगितलं का नाही?"

"मारुतीअण्णा बोले, उसको खुद मिलने दो. लई खूश होईल बोले."

वहिनी हसल्या. मारुती गेल्यापासून त्या पहिल्यांदा हसत होत्या. मग डोळ्यांना पदर लावला. आम्ही निघताना त्यांनी भिंतीवरची त्या फोटोची फ्रेम उतरवली, मारुतीच्या पंचात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली. "ही तुमीच न्या. मला बघू वाटंना."

त्या जोडप्याला घेऊन आम्ही पुण्याला जाऊन आलो. अजीमभाईंनी जीप चार हात पुढे घेतली. जिना होता, पत्रा होता, पत्र्याला भोकं होती. पायऱ्यांवर ऊन मात्र उतरलं नाही. आम्ही दुपारभर थांबलो. तांबडं कुत्रं जिन्याकडे न येता समोरच्या ओट्याखाली झोपून राहिलं. फोटो नीट आले, मुलीला आवडले, मावशीनेही नावं ठेवली नाहीत. पण तो फोटो तो नव्हे, हे मला कळतं. ते ऊन कुठल्या महिन्यात, कुठल्या घटकेला तिथं उतरतं, ते मारुतीने अजीमभाईंनाही सांगितलेलं नाही.

माझ्या दुकानात काउंटरसमोर मी खिळा ठोकून ठेवला आहे. फ्रेम अजून त्याच्या पंचात गुंडाळलेली, काउंटरखाली आहे. ती वर लावली की येणारा प्रत्येक माणूस विचारणार, हे तुम्ही काढलं का? मारुतीने काढलं, असं मी सांगेन. मग तो म्हणेल, आमचा असाच काढाल का? त्याला हो म्हणता आलं पाहिजे. म्हणून आधी पुण्याला जायचं, जोडपं नाही, मावशी नाही, एकट्याने, आणि ते कुत्रं जिन्यावर येईपर्यंत समोरच्या ओट्यावर बसायचं. हे काम मी लिहून ठेवलं आहे. त्याच्याखाली लिहिलं आहे, फ्रेम लावणे. दोन्हींपुढे अजून टिक नाही.