पेटीचं दार

आमच्या गल्लीतला सुतार करवत बंद असतानाही ओरडूनच बोलतो. माझ्या लेकीकडे दिल्लीला विमानाने पाठवायच्या मनीसाठी त्याने पेटी केली. मांजर आत उभी राहून वळेल एवढी मोठी, चहूबाजूंनी हवेशीर. दार मात्र दिलं नाही.

"आदी तिला आपणहून आत झोपू दे की, ताई! मग दार!"

प्रवास आठवड्यावर आला होता, मी चिडले. तो रोज येता-जाता डोकावायचा आणि रिकामी पेटी बघून माघारी वळायचा.

काल मनी पेटीत झोपलेली दिसली, तशी मी त्याला बोलावलं. तो दार घेऊन आला, चपला काढून वाकला, बघतच राहिला. मग दार पुन्हा काखोटीला मारून निघाला.

"आता ठोकलं तर दचकंल की," तो पहिल्यांदाच कुजबुजला. "उद्या येतो."