मागच्या दारातला माणूस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या. पुढे मी घाबरलोय, आणि त्या जागी कोणी हसलं की मला अजून राग येतो.

मी घरांचे नकाशे काढतो, कॉम्प्युटरवर. पेणला रामवाडीत माझं ऑफिस आहे. ऑफिस म्हणजे काय, गणपतीच्या कारखान्यावरची एक खोली. खाली पांढऱ्या मूर्तींच्या रांगा, अजून डोळे न आखलेल्या. दुपारी कारागीर जेवायला गेले की तिथे चिटपाखरू नसतं.

तर रोह्याजवळच्या सलीमभाईंचं काम आलं. सलीमभाई कुवेतला नोकरीला, सुट्टीवर आलेले. जुनं कौलारू घर पाडून स्लॅबचं बांधायचं होतं. अडलं होतं ते त्यांच्या अम्मांपाशी, मी त्यांना चाची म्हणतो. अब्बा गेल्यापासून चाची घराला हात लावू देईनात. शेवटी "नकाशा बघून सांगते" इथपर्यंत गाडी आली. गुरुवारी पाडायला मशीन येणार, रविवारी सलीमभाईंचं विमान. होकार मिळाला नाही तर घर पुढच्या सुट्टीवर, आणि माझं काम गेलं ते गेलंच.

आता एक गोष्ट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या सॉफ्टवेअरमध्ये एका जागी घर उभं असतं, खऱ्या मापाचं. दुसरीकडे असतो कोरा कागद. त्या कागदावर आम्ही चौकटी लावतो आणि प्रत्येक चौकटीतून तेच घर दिसतं. एकीतून पुढून, एकीतून मागून, एकीतून वरून. खिडकीतून शेजाऱ्याचं घर बघावं तसं.

शिमग्याची सुट्टी संपवून आलो, फाइल उघडली, कागदाचा फोटो सलीमभाईंना मोबाइलवर पाठवला आणि डबा सोडला. पहिला घास तोंडात, तोच फोन.

"म्हात्रेभाऊ, मागच्या दारात कोण उभा हाय?"

"कुठल्या दारात?"

"नकाशात. काला माणूस हाय एक."

बघतो तर खरंच होता. मागच्या बाजूच्या चौकटीत, दाराला लागून. नाक नाही, डोळे नाहीत, नुसती काळी आकृती. एक हात वर करून दाराला टेकलेला, कोणाची तरी वाट बघत असल्यासारखा.

आला असेल चुकून, पुसून टाकू, असं म्हणून मी घर होतं तिथे गेलो. मागचं दार मोकळं. सगळ्या खोल्या पाहिल्या, जिन्याखाली पाहिलं. कोणी नाही. परत कागदावर आलो, तर हा उभा.

मग मी त्या चौकटीत शिरून त्याला पकडायला गेलो. माउस त्याच्या अंगावरून जायचा, पण तो हाताला लागायचा नाही. भिंत लागायची, दार लागायचं, हा नाही. म्हटलं, बरं बाबा, घरच फिरवू. घर फिरवलं, मागची बाजू गेली, पुढची ओटी आली. हा जागचा हलला नव्हता. आता तो ओटीवर उभा होता, तसाच माझ्याकडे तोंड करून. घर लहान केलं. घर आक्रसत गेलं, हा तेवढाच राहिला, आणि त्याचं डोकं छपराच्या वर निघालं.

डबा तसाच पडला होता. मी त्या चौकटीतलं एकेक बंद करत गेलो. आधी छप्पर, मग भिंती, मग दारं. घर पार नाहीसं झालं. पांढऱ्या कागदावर तो एकटा उरला, हात टेकून. आता तिथे दारही नव्हतं, तरी हात टेकलेलाच.

आणि तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला. कॉम्प्युटर बॅटरीवर चालू, त्यामुळे खोलीत उजेड त्या माणसामागच्या कागदाचाच. खाली जावं तर त्या बिनडोळ्यांच्या मूर्ती. तुम्ही काय केलं असतं? मी सलीमभाईंना फोन लावला.

"सलीमभाई, तुमच्या अब्बांना मागच्या दारात उभं राहायची सवय होती का हो?"

ते हळूच म्हणाले, "तुम्हाला कोणी सांगितलं?"

शहाणा माणूस इथे गप्प बसला असता. मी म्हणालो, "मग ते तिथंच आहेत. मी सगळं घर काढून टाकलं, ते हलत नाहीत."

संध्याकाळी निरोप आला. मशीन रद्द. "अम्मा बोलते, ते दारात उभे असताना घर कसं पाडायचं? तो कागद घेऊन या."

सकाळी मोटारसायकल काढली. कागद छापून, गुंडाळून पाठीला बांधला होता आणि नागोठणं जाईपर्यंत मागे कोणी बसलंय असंच वाटत होतं. मी सारखा वळून बघत होतो.

चाचींनी मागच्या दाराशी खुर्ची मांडली होती. स्वच्छ पांढरी ओढणी, अत्तराचा वास. पाहुणे येणार असल्यासारख्या बसल्या होत्या.

"दाखव," त्या म्हणाल्या.

चष्मा लावून त्यांनी कागद मांडीवर घेतला. बोट त्या माणसाच्या डोक्यावरून खांद्यावर आलं, खांद्यावरून पोटावर आलं आणि तिथेच थांबलं.

"सलीम, तुझा बाप असा होता काय? वारा आला तर उडंल, असा माणूस होता तो."

"अम्मा, माणूस गेल्यावर…"

"गेल्यावर पोट सुटत नाय," चाची म्हणाल्या आणि माझ्याकडे वळल्या. "तू ऊठ. दारात उभा रहा. हात ठेव चौकटीवर."

उभा राहिलो. चाची कागदाकडे बघायच्या, माझ्याकडे बघायच्या. सलीमभाईंनी मोबाइल काढून एक फोटो शोधला आणि माझ्यासमोर धरला. मापं घेतली त्या दिवशीचा. ह्याच दारात, हात वर टेकून, मी.

तेव्हा कुठे डोक्यात उजेड पडला. दाराची उंची कळावी म्हणून तो फोटो मी त्यांच्याकडून मागून घेतला होता, गिरवून काळा रंग भरला होता, आणि शिमग्याला पळायच्या घाईत घरात ठेवायच्या ऐवजी कागदावर ठेवून दिला होता. तो घरात नव्हताच कधी. खिडकीच्या काचेवर चिकटवलेलं चित्र ते. बाहेरचं घर फिरवा, लहान करा, काढून टाका, काचेवरचं तसंच राहणार. आणि मी स्वतःच्याच सावलीला घाबरून एका म्हातारीला तिचा नवरा परत आल्याचं कळवून बसलो होतो.

कोणी हसलं नाही. चाचींनी चष्मा काढून ओढणीने पुसला. "मला खरंच वाटलं, आले," त्या म्हणाल्या.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "चाची, चुकलो," एवढंच निघालं तोंडातून.

त्या माझ्या बाजूने दाराबाहेर बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "रोज ह्याच दाराकडं बघत बसते मी. नाय आले. इतकं बोलावून नाय आले ते आता काय येणार? सलीम, मशीनवाल्याला फोन लाव."

सलीमभाई फोन घेऊन जरा बाजूला गेले. मी कागद गुंडाळायला लागलो.

"थांब रे," चाची म्हणाल्या. त्यांचा आवाज आता जरा हलका झाला होता. "नवीन घराचं मागचं दार रुंद कर. ह्या दारातून तू चहाला आत कसा येणार?"

"किती रुंद करू?" मी विचारलं.

फोन आटोपून आलेल्या सलीमभाईंनी टेप काढली. दाराला लावतील म्हणून मी बाजूला सरकलो, तर त्यांनी ती माझ्या पोटाला गुंडाळली.