बोरगावला गेलेली बायको

आक्का खोटं बोलायच्या, पण स्वतःसाठी कधीच नाही. आणि एकदा बोललेलं खोटं त्या पोटच्या पोरासारखं न्हाऊमाखू घालून वाढवायच्या. माझी बायको त्यांनी अशीच वाढवली, माझं लग्न व्हायच्या आधी.

निपाणीहून मास्तरकी करायला मी बेळगावात आलो, तेव्हा देशावर इंग्रजांचं राज्य होतं आणि सड्या माणसाला कुणी खोली देत नव्हतं. मला राग दुसऱ्या गोष्टीचा जास्त होता. माझ्या कपड्यांना निपाणीच्या तंबाखूचा वास. दार उघडणारा आधी शिंकायचा, मग "बिऱ्हाड कुठंय?" विचारायचा आणि दार लावायचा. शेवटी शहापुरात, विणकरांच्या गल्लीत, एकट्या राहणाऱ्या विधवा आक्कांनी मला आत घेतलं. शिंकल्या त्याही. समोरच्या गंगाकाकू उंबऱ्यात उभ्या होत्या. त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं आक्का म्हणाल्या, "बायको पयल्या बाळंतपणाला म्हायेरी गेलीया ह्येची. बोरगावला!"

मी तोंड उघडलं. आक्कांनी त्यात गुळाचा खडा घातला आणि हळूच विचारलं, "तुला खोली पायजे का खरं पायजे?"

मला खोली हवी होती.

मग गल्ली रोज चौकशी करू लागली आणि आक्का रोज खबर देऊ लागल्या. आज तिचे पाय सुजलेत, आज तिला चिंच खावीशी वाटतेय. गंगाकाकूंनी मागावरच्या उरल्यासुरल्या रेशमी तुकड्यांची कुंची शिवून आणली. ती मी पेटीत तळाशी ठेवून दिली. दिवस भरले तरी बाळंतपण काही होईना, तेव्हा काकू बोटं मोजू लागल्या. आक्का ढिम्म. म्हणाल्या, "गांधारीला दोन वर्सं लागली गं. ही तर बोरगावची हाय!"

एकदा वैतागून मी म्हणालो, "आक्का, ती गेली म्हणून सांगा आणि मिटवा एकदाचं." भाकरी थापणारा त्यांचा हात थांबला. "माझ्या तोंडातनं तसलं अभद्र यायचं न्हाय. लई गुणाची हाय रं ती." त्यांनी तिच्यासाठी एक हिरवं लुगडं आणि चिंचेचे गोळे राखून ठेवले होते. त्या रिकाम्या घरात ती माझ्यापेक्षा त्यांनाच जास्त हवी होती. मला फार वाईट वाटलं.

त्यातच काकूंचा भाऊ बोरगावला जाऊन आला. मास्तरांची सासुरवाडी तिथं कुणालाच ठाऊक नव्हती. गल्ली आमच्या दारात जमली. अमावास्येपर्यंत सड्यानं खोली सोडावी, असं काकूंनी ठणकावलं. आक्का पदर खोचून उभ्या राहिल्या. "आणि पोरगी आणून दावली तर?"

दुसऱ्या दिवशी त्या मोटारीत बसल्या. निपाणीत माझ्या मामाला पकडलं, त्याला घेऊन बोरगाव पालथं घातलं. मला विचारायची त्यांना गरज वाटली नाही. एका घरी त्यांनी सगळी हकीकत खरी खरी सांगितली. मुलीची आई हसून भिंतीला टेकली. आतून मुलगी म्हणाली, "मग आई, माझ्या पायाची सूज उतरली का इचार की त्यास्नी!" आक्कांनी तिथल्या तिथं सुपारी फोडली.

लग्न करून आलो तेव्हा ओवाळायला गंगाकाकूच पुढं. म्हणाल्या, "आमाला पयल्या दिशीच कळलतं. बायको असलेल्याचं धोतार असं फाटकं नसतंय."

"मग खोली सोडायला का सांगितलंत?"

"न्हायतर आक्का पोरगी बघाय गेल्या असत्या व्हय?"

पुढं माझी बायको खरोखरच बाळंतपणाला बोरगावला गेली. मुलगी झाल्याचं कळताच मी साखर घेऊन आक्कांकडे धावलो. त्या अंथरुणाला खिळल्या होत्या. साखर जिभेवर धरून म्हणाल्या, "मला काय सांगतोस? गल्लीला म्या कवाच सांगितलंय." त्या दुखण्यातून त्या उठल्या नाहीत. हिरवं लुगडं नेसून बायको परत आली, तेव्हा दार उघडायला मी एकटाच होतो.

मुलगी बोलू लागल्यावर एकदा पेटीतली कुंची तिच्या हाती लागली. आईनं सांगितलं, ही आक्कांच्या वेळची. "आक्का कुठं गेल्या?" तिनं मला विचारलं.

मी तोंड उघडलं. गुळाचा खडा घालायला आता कुणी नव्हतं.

"म्हायेरी गेल्यात," मी म्हणालो. "बोरगावला."