दिवाणियातली रशियन

ओझरच्या कॉलनीतून मी निघाले तेव्हा अण्णा टॅक्सीच्या टपावरच्या बॅगांची दोरी पुन्हा पुन्हा ओढून बघत होते. विमानाच्या कारखान्यात आयुष्य गेलेला माणूस. दुसऱ्यानं मारलेल्या गाठीवर त्यांचा कधीच विश्वास नसायचा. मिलिंद, माझा नवरा, आधीच कुवेतला जाऊन बँकेत रुजू झाला होता. मला शुऐबाच्या एका पेट्रोकेमिकल प्लांटमध्ये सेफ्टी इंजिनिअरची नोकरी लागली होती. आई पदर डोळ्यांना लावून उभी. अण्णांनी हात झटकले आणि विचारलं, "तिथं अमेरिकन किती आहेत गं?"

शेजारच्या इराकमध्ये तेव्हा अमेरिकेचं युद्ध चाललं होतं. मला वाटलं, काळजीनं विचारतायत. म्हटलं, "असतील. आपल्याला काय करायचंय?"

"काही नाही. पण एकाहत्तरला त्यांचं आरमार बंगालच्या उपसागरात आलं होतं. विसरू नकोस."

टॅक्सी निघाली. लेकीला निरोप देताना आरमाराची आठवण काढणारा बाप दुसऱ्या कुणाचा नसेल, असं वाटून मी हसले, आणि ओझर मिगचा फाटा येईपर्यंत माझं हसणं रडण्यात गेलं.

तुमच्यापैकी जे त्या कॉलनीत वाढले त्यांना हे नवीन नाही. बाकीच्या मुलांना अमेरिका आणि रशिया यांचं वैर पेपरातून कळायचं. आमच्याकडे त्यातला एक पक्ष आठवडी बाजारात वांगी निवडताना दिसायचा. मिग विमानांचे सुटे भाग तिकडून यायचे, त्यांच्यामागून तज्ज्ञ, तज्ज्ञांच्या बायका, पोरं. गाल्या मावशी आईच्या हळदीकुंकवाला फ्रॉक घालून यायची, कपाळभर कुंकू लावून घ्यायची आणि तिळगूळ रुमालात बांधून न्यायची. तिनं मला शब्द शिकवले, पुढं बोललेलं बरंचसं कळायलाही लागलं. ब्रात म्हणजे भाऊ. नेबा म्हणजे आकाश. अण्णा खूश. "भ्राता आणि नभ. बघ, कुठलं नातं आहे!" ते स्वतः तरुणपणी ट्रेनिंगला गोर्की शहरात राहून आले होते. बाकीचे लोक तिथून कॅमेरे घेऊन आले. अण्णा भाषा घेऊन आले.

मग मी शाळेत असतानाच एका हिवाळ्यात तो देशच संपला. गाल्या मावशीचा नवरा आमच्या ओट्यावर येऊन बसला आणि आपण आता नेमके कुठल्या देशाचे, हे सांगणारं कुणी उरलं नाही म्हणाला. गाल्या मावशी खारकिव्हची, म्हणजे ती आता वेगळ्या देशाची झाली होती, नवऱ्याच्या देशाची नाही. हे आम्हांला तेव्हा कळलंच नाही. आमच्या लेखी सगळे रशियनच. ते गेले आणि त्यांच्या क्वार्टर्सना कुलपं लागली. अण्णा संध्याकाळी उगीच त्या बाजूनं चक्कर मारून यायचे.

कुवेतमध्ये पहिली काही वर्षं मला वाळूच्या रंगाचे लष्करी ट्रक रोज दिसायचे, रांगेनं उत्तरेकडे जाताना. पुढं तेही सवयीचे झाले. सबाह अल-सालेममधला फ्लॅट, इकामा म्हणजे राहायचा परवाना, दरवर्षीची कागदपत्रं, कोपऱ्यावरच्या बकाल्यातून, म्हणजे किराणा दुकानातून, आणलेली खुबूस रोटी आणि रविवारी पुन्हा ड्यूटी. ईशान झाला. मी मराठीत विचारायचं, त्यानं इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं आमचं घर चालू लागलं. फोनवर अण्णा वर्षानुवर्षं एकच विचारायचे: "परत कधी?" मी म्हणायचे, "बघू." हे "बघू" तुमच्यापैकी किती जणांच्या घरी आहे, मला माहीत आहे.

आई गेल्यावर मी अण्णांना व्हिजिट व्हिसावर घेऊन आले. त्यांचा पाय घरात ठरेना. दिवसभर गॅलरीत उभे राहायचे. वरून विमान गेलं की डोळे मिटून आवाज ऐकायचे आणि सांगायचे, "दोन इंजिनं. अमेरिकन." त्यात राग नसायचा. गवयानं दुसऱ्या घराण्याची चीज ओळखावी, तसं. दोन आठवड्यांत ते मला म्हणाले, "सुजे, मला परत पाठव. इथं मला कुणाशी बोलता येत नाही. तुझ्या पोराशीसुद्धा."

ते लागलं मला. कारण खरं होतं.

एका संध्याकाळी कामावरून आले तर अण्णा घरात नाहीत. ईशाननं फोनमधून मान वर न काढता सांगितलं, "ही वेंट डाउन, आई." मी चप्पल न बदलता जिन्यानं पळाले. तळमजल्यावर आमचे घरमालक अबू फहद राहतात, कुवेती सैन्यातून निवृत्त झालेले. त्यांच्या घराच्या पुढच्या अंगाला दिवाणिया आहे, म्हणजे पुरुषांची बसायची खोली. तिचा दरवाजा उघडा होता आणि आतून मला लहानपणीचे आवाज ऐकू आले. रशियन. मोडकी, अडखळती, पण रशियन.

गादीवर अण्णा मांडी घालून बसले होते. समोर अबू फहद, हातात चहाचा छोटा पेला. दोघंही एकमेकांकडे असे बघत होते की जणू बाजारात हरवलेलं पोर सापडलंय.

अबू फहद मला अरबीमिश्रित इंग्रजीत म्हणाले, "तुझे वडील तवारिश, रशियनांचे कॉम्रेड, आहेत हे इतकी वर्षं सांगितलं नाहीस?"

झालं होतं असं. रशिया-अमेरिका वैराच्या काळात कुवेतचं सरकार अमेरिकेकडूनही शस्त्रं घ्यायचं आणि रशियाकडूनही. दोन धिप्पाड शेजाऱ्यांच्या मधोमध घर असलेला माणूस दोघांनाही सलाम करतो तसं. अबू फहद तेव्हा तरुण अधिकारी. विमानं पाडणारी क्षेपणास्त्रं चालवायला शिकण्यासाठी त्यांना ओडेसाला पाठवलं होतं. अण्णा खाली जिन्यात चक्कर मारताना त्यांना "चाय?" असं विचारलं गेलं, अण्णांच्या तोंडून सवयीनं "स्पासीबा", म्हणजे धन्यवाद, निघालं, आणि पुढचं सगळं घडलं.

"हा पाडायला शिकला," अण्णा मला मराठीत म्हणाले, "आणि मी बनवायला. मास्तर एकच!" आणि मांडीवर थाप मारून हसले. आईनंतर प्रथमच असे हसले.

मग रोजचंच झालं. अबू फहद त्यांना मुहंदिस, म्हणजे इंजिनिअर म्हणायचे, अण्णा दरवेळी दुरुस्त करायचे, "फोरमन." टीव्हीवर ओडेसावर रशियाचे हल्ले झाल्याची बातमी आली की दोघं चहाचे पेले खाली ठेवायचे. "ज्यांनी मला शिकवलं," अबू फहद एकदा म्हणाले, "त्यांच्यातला अर्धा वर्ग उरलेल्या अर्ध्यावर बॉम्ब टाकतोय." अण्णा पुटपुटले, "गाल्या कुठं असेल?" आणि मग वर येऊन त्यांनी मला पहिल्यांदाच विचारलं, की तुमच्या त्या कंप्युटरवर माणसं शोधता येतात का. आडनाव आम्हां दोघांनाही आठवेना.

असेच बसलेले असताना अण्णांनी एकदा भिंतीवरच्या फोटोतल्या तरुणाबद्दल विचारलं. मी अण्णांना जेवायला बोलवायला दारात उभी होते, म्हणून ऐकलं. "मोय ब्रात," अबू फहद म्हणाले. धाकटा भाऊ. हवाई तळावर मेकॅनिक होता. इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं त्या सकाळी तळावर विमानांनी बॉम्ब टाकले, त्यात गेला.

अण्णांनी लगेच विचारलं, "कोणती विमानं?" त्यांना दुखवायचं नव्हतं. विमान म्हटलं की त्यांच्या तोंडून तोच प्रश्न निघायचा.

अबू फहदनी क्षणभर त्यांच्याकडे बघितलं. "मिग," ते म्हणाले.

अण्णा वर आले आणि जेवले नाहीत. मी समजावलं, "अण्णा, इराककडची विमानं थेट रशियातून आलेली. ओझरची नव्हेत."

"ते मला कळतं."

"मग?"

"मेकॅनिक होता तो," अण्णा म्हणाले. "माझ्यासारखाच पान्यानं हात काळे करणारा. आयुष्यभर मी ते विमान उडताना बघून छाती फुगवली. ते खाली कुणाच्या डोक्यावर येतं, हा विचार कधी केला नाही. पेपरात यायचं, शीतयुद्ध, म्हणजे थंड युद्ध. थंड कसलं? ज्याच्यावर पडलं त्याला विचारायला हवं होतं."

त्यानंतर ते खाली गेले नाहीत. अबू फहदनी दोनदा नोकराबरोबर खजूर पाठवले. अण्णांनी तिकीट अलीकडे घ्यायला लावलं. मी चिडले, पण तिकीट बदलून दिलं. इतक्या वर्षांनी त्यांना इथं एक माणूस मिळाला होता आणि त्याच्याचपासून ते पळत होते.

जायच्या दिवशी आम्ही एअरपोर्टवर पोचलो, बॅगा काट्यावर चढल्या, आणि समोरच्या बोर्डावर एकेक विमान रद्द होऊ लागलं. आखातात पुन्हा क्षेपणास्त्रं उडाली होती. आकाश बंद. एवढेच शब्द सगळीकडे. प्लांटच्या ग्रुपवर मेसेजवर मेसेज: ड्यूटीवर नसलेल्यांनी घरात थांबावं. मिलिंद गाडी चालवत होता, ईशान मागं माझा हात धरून बसला होता. तो लहानपणानंतर कधी हात धरत नाही. अण्णा काचेतून वर बघत होते. वर काहीच नव्हतं. त्या रिकाम्या आकाशाचीच भीती वाटत होती.

अबू फहद आमच्या गेटातच उभे होते. त्यांनी अण्णांची बॅग हातातून घेतली आणि न विचारता दिवाणियात नेऊन ठेवली. आम्ही सगळेच आत गेलो. पायऱ्या चढायचं कुणाला सुचलंच नाही.

अण्णा उभेच राहिले. मग रशियनमध्ये, शब्द शोधत शोधत म्हणाले, की तुझ्या भावाबद्दल मला माफ कर. ते विमान मी बनवलं नाही, पण तशीच बनवली. कुठं गेली, कुणावर गेली, विचारलं नाही.

अबू फहदना पुढचं रशियनमध्ये जमेना. ते अरबीत बोलू लागले आणि मला म्हणाले, "सांग त्यांना." इतक्या वर्षांत मला अरबी समजू लागली होती; मी सांगत गेले.

"मला विमान पाडायला शिकवलं होतं. त्या सकाळी मी माझ्या जागेवर होतो. आदेश आला नाही. सगळा गोंधळ. आम्ही गाड्या घेऊन दक्षिणेला निघालो, सीमेपलीकडे. माझा भाऊ तिथं होता आणि मी पलीकडे सुखरूप. मी एकही क्षेपणास्त्र डागलं नाही. तुझे वडील विमानं बनवल्याबद्दल माफी मागतात. मी न पाडल्याबद्दल कुणाची मागू?"

पूर्ण वाक्य मराठीत आलं की नाही, मला आठवत नाही. पण अण्णांना कळलं. ते पुढं झाले आणि अबू फहदचे दोन्ही खांदे धरून उभे राहिले. ईशान हळूच म्हणाला, "आजोबा, बसा ना." मराठीत.

ती संध्याकाळ आम्ही तिथंच काढली. अबू फहदच्या घरातून भात आला, मटण आलं. अण्णा शाकाहारी, म्हणून मी वरून वरणाचं पातेलं आणलं. अण्णांनी ईशानला ब्रात शिकवलं, नेबा शिकवलं. तो म्हणाला, "इट्स लाइक मराठी." अण्णा म्हणाले, "तेच तर मी चाळीस वर्षं सांगतोय."

पुढच्या दिवसांत आकाश उघडलं आणि अण्णा गेले. निघताना मुद्दाम अबू फहदच्या भावाच्या फोटोसमोर थांबले. काय बोलले, मी विचारलं नाही.

आमचं अजून काही ठरत नाही. दाराशी पासपोर्ट आणि सर्टिफिकेटं भरलेली एक बॅग आहे. ती रिकामी करायचा धीर होत नाही. शुक्रवारी मिलिंद म्हणतो, नाशिकला परत जाऊ. रविवारी ड्यूटी सुरू झाली की तो विषय मागं पडतो. ईशान विचारतो, परत म्हणजे कुठं? त्याचा जन्म इथला, आणि इथं त्याच्या नावावर काहीच नाही, राहायची परवानगीसुद्धा उसनी. मला रात्री झोप लागत नाही आणि सकाळी मी हेल्मेट घेऊन शुऐबाला जाते. तुम्ही निघालात, थांबलात, परत गेलात, त्या सगळ्यांना विचारते: तुमचं ठरलं का?

रोज निघायच्या वेळी अण्णांचा फोन येतो. जेवणखाण, तब्येत, काही विचारत नाहीत. "आकाश उघडं आहे ना?" एवढंच. मी गॅलरीत जाते, वर बघते, मगच हो म्हणते. "मग खाली सांग त्यांना," अण्णा म्हणतात आणि फोन ठेवतात.

खाली अबू फहद खजुराच्या झाडाला पाणी घालत असतात. मी सांगते. ते मान हलवतात, पाइप बाजूला ठेवतात, कपाळावर हात आडवा धरून स्वतः एकदा वर बघून घेतात. मग मला म्हणतात, "जा, उशीर होईल. आल्यावर आवाज दे."