तिन्ही कॉलेजांत तीच मुलगी

हसणार नसाल तर सांगतो. आणि आधी चहा खाली ठेवा, सांडेल!

भुताखेतांवर तालुकाभर भाषणं ठोकत हिंडलेला माणूस मी. 'भूत नसतं, मनाचे खेळ असतात' या भाषणाला बक्षीससुद्धा मिळालं. म्हणून तर आमच्या कॉलेजच्या ऑफिसात, कैलासवासी संस्थापकांच्या तसबिरीशेजारी, माझा फोटो लागलाय. आणि भर समितीत 'भूत! भूत!' म्हणून बोंबललो तोही मीच. आता बोला!

मी इतिहास शिकवतो. म्हणजे पगारपत्रकावर तसं लिहिलेलं असतं. खर्ड्याच्या अलीकडं माळावर आमचं छोटं कॉलेज. इतिहासाचा वर्ग वरच्या मजल्यावर, आणि माझे गुडघे हे असले! जूनमध्ये दोनदा वर चढून बघितलं, तर बाकांवर कबुतरं. म्हटलं, आलं नाही कुणी यंदा इतिहासाला. तेव्हापासून खाली स्टाफरूममध्येच पेपर वाचत बसायचो. रिकाम्या वर्गासाठी जिना कोण चढणार?

तर संक्रांतीनंतर वरून समिती आली. कुठल्या कॉलेजात मुलं नाहीत ते बघायचं आणि ते बंद करायचं. अध्यक्ष पुण्याच्या कुलकर्णी बाई. बरोबर एक स्थानिक माणूस हवा होता, आमच्या प्राचार्यांनी मला दिला पाठवून. रिकामा दुसरा होता कोण?

जीपमध्ये बसल्या बसल्या मी सुरू झालो. "बाई, कॉलेजं फार झालीत हो! पानटपऱ्या कमी आणि कॉलेजं जास्त. निम्मी बंद करा!"

"ढगे सर, उद्या तुमचंही आहे."

"आमचं सोडून निम्मी!" मी म्हणालो. हसत म्हणालो खरा, पण मनात हिशेब सुरू झाला. पन्नाशी उलटलेला इतिहासाचा मास्तर. हे कॉलेज गेलं तर मला दारात तरी कोण उभं करणार?

पहिलं कॉलेज आलं. त्या दिवसांत आमच्याकडची निम्मी घरं कुलपात असतात, माणसं ऊसतोडीला गेलेली. रस्त्यात कुत्रंसुद्धा नाही. बाई कागद बघायला प्राचार्यांच्या केबिनमध्ये बसल्या आणि मला म्हणाल्या, "तुम्ही वर्ग बघून या."

लांबलचक व्हरांडा. वाऱ्यानं एक दार आपटतंय, थांबतंय, पुन्हा आपटतंय. माझ्याच चपलांचा आवाज माझ्या मागून येतोय! वर्गाचं दार ढकललं, तर आत वर्ग भरलेला. पण आवाज नाही. चाळीसेक पोरं, आणि कुजबुज नाही, खोकला नाही. सगळे डोळे माझ्यावर खिळलेले. पहिल्या बाकावर जांभळ्या स्वेटरची एक मुलगी, हनुवटीला पांढरी पट्टी. तिचे ओठ हलत होते, पण शब्द ऐकू येत नव्हता.

"काय मुलांनो, बरं चाललंय ना?"

मी आपलं दार ओढून घेतलं.

दुसरं कॉलेज चांगलं दोन गावं पलीकडं. तिथंही बाई केबिनमध्ये, मी वर्गाकडं. दार उघडलं आणि मला दरदरून घाम फुटला. पहिल्या बाकावर तीच! तोच जांभळा स्वेटर, तीच पट्टी. मागची तोंडंही तीच, आणि पहिल्यापेक्षा पांढरी पडलेली. मला बघून ती भिंतीकडं सरकली.

धावत जाऊन बाईंना सांगितलं. बाई म्हणाल्या, "ढगे सर, सकाळपासून पोटात काही नाही तुमच्या. केळं खा." खाल्लं. केळ्यानं काय होतंय?

तिसऱ्या कॉलेजला पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. व्हरांड्यात अंधारून आलेलं. मी, भुतावर बक्षीस घेतलेला माणूस, चक्क रामरक्षा म्हणत निघालो. तीही अर्धीच येते! दार उघडलं.

तीच.

"को... कोण गं तू?"

ती हळूहळू उभी राहिली. बोट माझ्याकडं केलं. "तुमी... तुमी ढगे सर."

अहो, नाव! माझं नाव माहीत होतं तिला!

"आमच्या मागं का लागलाव, सर? आमी काय केलंय तुमचं?" आणि मागच्या बाकावर एक दांडगा पोरगा मोठ्यानं रडायलाच लागला.

मी ओरडलो, "भूत!" त्याच क्षणी तीही ओरडली, "भूत!" पुढचं मला आठवत नाही.

शुद्धीवर आलो तेव्हा कुणीतरी नाकाला कांदा लावलेला आणि बाई फायलीनं वारा घालत होत्या. ती मुलगी वाकली आणि तिनं माझ्या गालात बोट खुपसलं.

"गरम हाय!" तिनं मागं वळून सगळ्यांना सांगितलं. "जित्ते हायेत, रं!"

"अगं, पण तू आहेस कोण?"

"मी मनीषा. तुमच्याच कॉलेजची, सर. आमी समदी तुमच्याच इतिहासाच्या वर्गातली."

"मग इथं काय करताय?"

"सावड हाय. पेरणीला बैलांची आसती ना, तशी. आज आमी ह्या तिन्ही कॉलेजांत बसायचं, उद्या ह्यांची पोरं आपल्यात. तुमच्या आदी टेंपोनं म्होरल्या कॉलेजात; टेंपो आन् मिसळ त्यांची."

हे कधी ठरलं? सगळ्या स्टाफला ठाऊक होतं म्हणे. मला कोण सांगणार? मी पेपरात!

"पण मला बघून घाबरलात का एवढे?"

मनीषा चाचरली. "ऑफिसात तुमचा फोटो हाय. शेजारी संस्थापक. शिपाईमामा दोघांनाबी हार घालत्यात. आमी जुलैपासनं रोज वर जाऊन बसतोय, सर कवाच आलं न्हाईत. आमाला वाटलं... गेलं आसतील."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. हसू दाबत होत्या की संताप, कळेना. मला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. चाळीस पोरं सहा महिने माझी वाट बघत वर बसली होती, आणि मी खाली कबुतरांच्या नावानं बोटं मोडत होतो!

दुसऱ्या दिवशी समिती आमच्याकडं आली. बाईंनी आदल्या दिवशीच तंबी दिली होती, सावड बंद, ज्याची पोरं त्यानंच दाखवायची. गुडघे धरत मी जिना चढलो. वर्ग भरलेला! आणि ही आमची पोरं, स्वतःची! डोळ्यांत पाणी आलं हो माझ्या. बाई शेवटच्या बाकावर बसल्या. मी तासभर शिकवलं.

खाली आल्यावर बाई म्हणाल्या, "कॉलेज चालू राहील. कॉलेजं जास्त झालीत की कमी, ते वरचे बघतील. तुमच्याकडं मुलं पूर्ण आहेत. मास्तर तेवढा एक कमी होता."

मी तडक ऑफिसात गेलो. माझ्या फोटोला ताजा हार, पुढं उदबत्ती. शिपाईमामांना म्हटलं, "काढा आधी तो हार! मी जिवंत आहे!"

"असू द्या की, सर," मामा म्हणाले. "पोरं परीक्षेला जाताना पाया पडत्यात फोटोच्या. ह्या बारीला इतिहासात येक बी नापास न्हाई, असं आजवर कधी झालं हुतं का?" मग त्यांनी काळजीनं माझ्याकडं बघितलं. "आता तुमी शिकवाय लागलाव म्हनं. पोरांचं कसं हुईल, देव जाने."