सत्तावन्न किलो

"जोर से बोल. पीछे तक सुनाई दे."

"इकहत्तर, साहब."

"और जोर से."

"इकहत्तर किलो, साहब!"

आमच्या दलाच्या कॅम्पातल्या दवाखान्याचा व्हरांडा. सकाळची वेळ. मी काट्यावर उभी आणि माझ्यामागे चौदा जणी रांगेत. ज्यांचं वजन भिंतीवरच्या तक्त्यापेक्षा जास्त, त्यांची दर सोमवारी अशी वेगळी रांग लागायची. तिला सगळे मोटी लाइन म्हणत. नियम असा की आपलं वजन आपणच ओरडून सांगायचं. वजन साहेब लोकांचंही व्हायचं. वर्षातून एकदा, आत, दार लावून. त्यांचा आकडा आम्ही कधी ऐकला नाही.

माझ्या उजव्या पायाला मांडीपासून पोटरीपर्यंत ब्रेस होता. दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या, मध्ये बिजागरी. पायात बूट. कुणी काढ म्हणालं नाही. मीही विचारलं नाही.

डॉक्टरसाहेब माझ्याच वयाचे असतील. सडपातळ, रोज संध्याकाळी मैदानाला फेऱ्या मारणारे. त्यांनी गुडघ्याला हात लावला नाही. हातातलं पेन उलटं धरलं आणि त्याचं टोक माझ्या पोटात खुपसलं.

"यह क्या है? घुटना यहाँ होता है?"

पेन तिथेच ठेवून ते रांगेकडे वळले.

"गोंदिया में चावल बहुत होता है ना? सब यहीं जमा करके रखा है."

रांगेत हसू फुटलं. मीही हसले. काट्यावर उभी राहून, पोटात पेन रुतलेलं असताना, मी दात दाखवून हसले. पेनापेक्षा मला माझ्या त्या हसण्याची लाज आजही जास्त वाटते.

मग ते हळू आवाजात म्हणाले, "बोर्ड में लिख दूँगा. मोटापे से घुटना गया. अपनी लापरवाही."

बोर्ड म्हणजे तीन डॉक्टर. माझा गुडघा आता धावण्याच्या, चढण्याच्या कामाचा राहिला नव्हता, म्हणून मला नोकरीतून घरी पाठवायचं ठरलं होतं. ते मला मान्य होतं. प्रश्न एका ओळीचा होता. गुडघा सेवेमुळे गेला की स्वतःच्या हलगर्जीपणामुळे, हे बोर्ड लिहितं. सेवेमुळे लिहिलं तर अपंगत्वाचं पेन्शन आणि गावात ताठ मान. हलगर्जीपणा लिहिला तर नऊ वर्षांच्या नोकरीवर एकच शेरा. खाऊन खाऊन बाद झाली.

"छह हफ्ते हैं," साहेब म्हणाले. "छुट्टी ले, वजन उतार के आ. फिर देखेंगे."

मी "जी साहब" म्हटलं आणि खाली उतरले.

गुडघा कसा गेला ते सांगते. डोंगरातली पोस्टिंग होती. गस्तीवरून परतत होतो. उतरण ओली, पाठीवर पिट्टू म्हणजे सामानाची बॅग, खांद्यावर रायफल, कमरेला गोळ्या. पायाखालचा दगड सुटला. गुडघा आतल्या बाजूला वळला आणि वाळली काटकी मोडावी तसा आवाज आला. तो आवाज मीच नाही, माझ्या पुढे चालणारीनेही ऐकला. खांद्यावर घालून खाली आणलं. ऑपरेशन झालं. मग प्लास्टर, मग ब्रेस. धावायचं नाही, चढायचं नाही, उकिडवं बसायचं नाही. आठ महिने पलंग आणि खुर्ची. कागदावर शिक्के मारायची ड्यूटी. वजन त्या आठ महिन्यांत चढलं.

हे सगळं माझ्याच अंगावर घडलेलं. तरी त्या सोमवारी साहेबांचा मला राग आला नाही. मला ते खरं वाटलं. एवढा शिकलेला माणूस सांगतो म्हणजे माझ्या पोटानेच माझा गुडघा खाल्ला असेल, असं मी धरून चालले. माणसाला असं वाकवता येतं.

देवरीला बसमधून उतरले तेव्हा माय घ्यायला आली होती. बाबा गेल्यापासून दोन एकर घरची आणि थोडी ठेक्याची धानाची शेती ती एकटी बघते. तिने ब्रेस पाहिला आणि बॅग स्वतःच्या खांद्यावर घेतली. गावात मात्र शेजारच्या काकूंनी दारातच टोमणा मारला, "नोकरी मानवली दिसते वो तुले." मी तिथेही हसले.

दुसऱ्या दिवसापासून मी जेवण सोडलं. सकाळी काळा चहा, दुपारी काकडी. माय भात वाढायची, मी ताट सरकवायचे. पाणीसुद्धा मोजून प्यायचे. खताच्या पोत्याच्या आतलं प्लास्टिक कापून पोटाला गुंडाळायचे, वर स्वेटर घालायचे, आणि तलावाच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, फेऱ्या मारायचे. कॅम्पात वजनाच्या आठवड्यात पोरी हेच करायच्या, तिथेच शिकले. आधी चालायचे. मग धावायला लागले. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांनी धावायचं नाही म्हणून कागदावर लिहून दिलं होतं, आणि मी दुसऱ्या डॉक्टरांना खूश करायला धावत होते.

नवव्या दिवशी पाळीवरच पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि सगळा भार उजव्या पायावर गेला. मासे धरायला आलेल्या दोघांनी उचलून घरी आणलं. गुडघा सुजून टम्म. मायने ओला स्वेटर काढला तर आत प्लास्टिक. ती बघतच राहिली.

"हे कायले बांधलं वो?"

"वजन उतरवायला."

"कोनासाठी?"

मी सांगितलं. सगळं. काटा, रांग, पेन, तांदळाचं ते बोलणं. माय ऐकत होती आणि प्लास्टिक सोडत होती. पोटावर लाल वळ उठले होते. तिथे हात ठेवून ती म्हणाली, "गुडघ्याइतक्या चिखलात वाकून लावलं मी ते धान. त्याच धानावर तू भरती झाली. आता तुले त्याची लाज वाटून राहिली?"

मला रडू आलं. ती रडली नाही. तिचा संताप झाला होता, आणि तो माझ्यावरही होता.

चार दिवसांनी आमचं धान खरेदी केंद्रावर न्यायचं होतं. माय म्हणाली, "चाल. कट्टे मोजताना लिहिणारं कोनी पाहिजे." मी पाय लांब करून ट्रॉलीत बसले. केंद्रावर मला एका भरलेल्या कट्ट्यावर, म्हणजे धानाच्या पोत्यावर, बसवलं. हातात वही, पेन.

हमालाने पहिला कट्टा काट्यावर टाकला. मोजणारा म्हणाला, "बारदान्याचा एक किलो वरून धरा." बारदाना म्हणजे रिकामं पोतं. चाळीस किलोच्या कट्ट्याला पोत्याच्या नावाखाली ते एक किलो धान जास्त घेत होते.

"थांब," माय म्हणाली. "उतरव तो. पैले काटा रिकामा दाखव. मंग बारदाना ठेव. मंग धान."

"काकू, दरसाल तुमचा हाच तमाशा."

"असू दे तमाशा. बारदान्याचं वजन बारदान्याच्या नावावर लिव्ह, धानाचं धानाच्या. माह्या नावावर कायले टाकतं?"

मागे गाड्या खोळंबल्या होत्या. लोक कुरकुरत होते. कुणीतरी म्हणालं, बाईला घाई नाही, आम्हाला आहे. माय काट्यासमोरून हलली नाही. दहा मिनिटं गेली असतील. शेवटी हमालाने वैतागून रिकामं पोतं काट्यावर फेकलं. सहाशे ग्रॅमही भरलं नाही. मायने माझ्याकडे वळून सांगितलं, "लिहून घे."

मी लिहून घेतलं. आणि पेन तिथेच थांबलं. बारदाना वेगळा, धान वेगळं. मी वहीचं पान उलटलं आणि स्वतःचा हिशेब मांडला. पडले त्या दिवशी माझ्या गुडघ्यावर काय काय होतं? पिट्टू, वीस किलो. रायफल आणि गोळ्या, धरा पाच. आणि मी? मी किती होते त्या दिवशी?

घरी आल्याबरोबर पत्र्याची पेटी उघडली. माझी दवाखान्याची फाइल मायने सातबाराच्या कागदांखाली ठेवली होती. एकेक कागद बघत गेले. ऑपरेशनआधी भूल देतात तेव्हा औषध किती द्यायचं ते ठरवायला वजन घ्यावंच लागतं. तो कागद निघाला. पडल्याच्या दुसऱ्या दिवसाची तारीख, दलाच्याच दवाखान्याचा शिक्का, त्यांच्याच डॉक्टरांची सही. वजन सत्तावन्न किलो.

माझ्या उंचीला, माझ्या वयाला तक्त्यात अगदी बसणारं वजन. एक किलोही वर नाही. गुडघा मोडला त्या क्षणी त्याच्यावर ब्याऐंशी किलो होते. त्यातले सत्तावन्न माझे. बाकीचे पंचवीस सरकारने माझ्या अंगावर चढवले होते.

तेव्हा कुठे राग आला. उशिरा आला पण सगळा एकदम आला. मी मायला म्हटलं, जेवायला वाढ. भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण. दोनदा मागून घेतलं.

बोर्डाच्या दिवशी टेबलामागे तिघे. मधले वयस्क, मोठ्या हुद्द्याचे. डावीकडे आमचे डॉक्टरसाहेब. कोपऱ्यात काटा. वजन सदुसष्ट भरलं. डॉक्टरसाहेब हसले, "देखा? चाहो तो होता है." मग कागद पुढे सरकवला. "यहाँ साइन."

कागद इंग्रजीत होता. मी सावकाश वाचला. माझ्या वाचण्याची तिघांनाही अडचण झाली, कारण आमच्यासारख्यांनी वाचायचं नसतं, सही करायची असते. ओळ तिथेच होती. अतिवजन. स्वतःचा हलगर्जीपणा. कागद मी काट्यावर चढण्याआधीच टाइप झाला होता, आकडा तेवढा पेनाने भरला होता. मी पाळीवर जीव काढला त्याचा त्या कागदाशी काही संबंधच नव्हता.

"साहब, इसमें सिर्फ आज का वजन है. गिरने के दिन का कहाँ है?"

"उससे क्या मतलब?"

मी झेरॉक्स टेबलावर ठेवली. "सत्तावन. आपके ही अस्पताल का कागज है."

वयस्क साहेबांनी कागद उचलला, वाचला, आणि पालथा घालून ठेवला. म्हणाले, "यह सब अपील में बोलना. अभी साइन कर."

खोटं कशाला सांगू, भीती वाटत होती. नऊ वर्षं "जी साहब" शिवाय दुसरं काही बोलले नव्हते. मी खाली वाकले आणि ब्रेसचे पट्टे सोडायला लागले. एक, दोन, तीन, चार. लंगडत कोपऱ्यात गेले आणि ब्रेस काट्यावर ठेवला.

"दो किलो. यह भी मेरा नहीं है साहब. आपके स्टोर का है."

"पागल हो गई है क्या?" डॉक्टरसाहेब उठून उभे राहिले. "साइन कर और निकल."

"साइन नहीं करूँगी."

"क्या बोली?"

"नहीं करूँगी, साहब. पिट्टू का वजन पिट्टू के नाम लिखिए. मेरे नाम सत्तावन लिखिए."

वयस्क साहेबांनी क्लार्कला बोलावलं. त्याने सहीच्या जागी लिहिलं, सही करण्यास नकार. मी ब्रेस परत बांधला. चारही पट्टे एकेक करून ओढले. ते तिघे बघत राहिले आणि मी पूर्ण वेळ घेतला.

ओळ बदलली नाही. त्याच ओळीसकट मला घरी पाठवलं. पेन्शन नाही. पहिलं अपील फेटाळलं, त्यात कारणसुद्धा धड दिलेलं नव्हतं. गावात अजून काही जण विचारतात, खरंच वजनामुळे काढलं का? मी आता हसत नाही. आत बोलावते, खुर्ची देते आणि झेरॉक्स दाखवते. ज्याला वाचता येत नाही त्याला वाचून दाखवते. मोटी लाइनमधल्या एकीचा फोन आला होता. बाळंतपणानंतर तिचं वजन चढलंय, कंबर गेलीय, आता तिचाही बोर्ड आहे. मी तिला म्हटलं, रडू नकोस, आधी जुने कागद शोध.

दुसरं अपील टाकलं. पुढच्या महिन्यात पुन्हा तपासणीला बोलावलंय. माय विचारत होती, "तोच सायब राहीन का?" तोच असला तर बरं, मी म्हटलं.

आज माझं वजन चौऱ्याहत्तर आहे. गुडघ्याला झेपेल तेवढं चालते, पोटभर जेवते. त्या काट्यासाठी एक घासही सोडणार नाही. पिशवीत ब्रेस वेगळा ठेवलाय. तिथे गेल्यावर आधी म्हणेन, काटा रिकामा दाखवा. मग ब्रेस ठेवीन. मग मी चढीन. आणि तेव्हा दार लावून घेतलं तर मी ते उघडायला लावीन, कारण मला मागच्या भिंतीपर्यंत ऐकू जाईल इतक्या जोरात बोलायचं आहे.

गिरने के दिन सत्तावन किलो, साहब. लिखिए.